चांगुणाने चाखलेली माती

चांगुणा गेल्याची बातमी पोशाने आणली, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. चैत्र संपत आला होता. मी सकाळीच रेवदंड्याला गेलो होतो, पावसाळ्याची सुकी मच्छी भरायला. बोंबील हातात घेऊन वास बघत होतो, तर हा पुढ्यात उभा. रिक्षा रस्त्यावर चालू ठेवलेली. म्हणाला, "दादा, घरी चला. वयनी पडली." पोशाचं शेत माझ्या शेताला लागून, पण दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. तो समोरून आला तर मी बांध बदलायचो. असा माणूस गावातून रिक्षा करून मला शोधत येतो, म्हणजे ह्यात त्याचंच काहीतरी काम असणार, असं माझ्या मनात आलं. गावच्या बांधाची बैठक जवळ आली होती. मला रिक्षात घालून वाटेत गोड बोलायचं, असा डाव दिसला मला. मी पाठ फिरवली आणि बोंबीलवालीशी घासाघीस करत राहिलो. तो हलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, खोटं बोलत न्हाय." मी म्हणालो, माझ्या घरचं मला माझी माणसं सांगतील. फोन खिशात होता, पण तो वाजला नव्हता. वाजणार कसा, मीच बंद करून ठेवलेला. रोज कोणीतरी बँकेचं नाव सांगून नंबर विचारायचं, त्यांचा मला संशय होता... अर्धा तास मी असा काढला. शेवटी निघालो तेव्हा दुसरी रिक्षा केली. त्याच्या रिक्षात बसलो नाही.

घरी आलो तर ओटीवर बायका जमलेल्या, आणि मधे चांगुणा निजवलेली. कपाळाचं कुंकू तसंच होतं. आमची एकच मुलगी रेखा, माणगावला दिलेली, ती दुपारी पोचली. त्या अर्ध्या तासाचं काय, हे मी रेखाला विचारलं. ती म्हणाली, आई चुलीपुढे बसल्या जागी गेली, बाबा, तुम्ही घरात असतात तरी काही झालं नसतं. शेजारणीला विचारलं, तीही तेच म्हणाली. डॉक्टरला विचारलं, त्याचंही तेच. तिघांचे शब्द इतके एकसारखे की यांनी आपसात ठरवून घेतलंय असं मला वाटतं. अजून वाटतं.

माझा स्वभाव हा असा. दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघणारा. चांगुणा म्हणायची, "तुमी देवळात गेलात तरी चपला काखेत धरून जाल." मी म्हणायचो, चपला गेल्या तर देव आणून देणार हाय काय. ती हसायची. तिला माझ्या संशयाची भीती कधी वाटली नाही, निदान मला तसं वाटायचं. आता तिला जाऊन नऊ आठवडे झाले. रेखा म्हणाली, बाबा, आईवर चार ओळी लिहा, पेपरची पुरवणी छापते असं. मी चौथी शिकलेला. कानामात्रा तिने नीट केल्या आहेत. बाकी जे आहे ते माझं आहे, आणि ते चार ओळींत मावणारं नाही.

आमची शेती खारेपाटातली. ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगतो. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा लांब बांध असतो. त्या बांधात उघाडी, म्हणजे फळ्यांचं दार. ओहोटीला फळ्या काढायच्या, पावसाचं पाणी खाडीत उतरतं. भरतीला फळ्या घालायच्या, खारं पाणी बाहेर राहतं. उन्हाळ्यात जमीन तापली की खालचं मीठ वर येतं, ढेकळांवर पांढरं दिसतं. जूनचे पाऊस ते मीठ धुऊन नेतात, पण किती पावसांत धुतलं जाईल ते कोणी सांगू शकत नाही. घाई केली तर मोड आणून फेकलेलं भात चिखलातच जळतं. उशीर केला तर पाणी चढतं आणि कोवळं रोप बुडतं. मधले पाच-सहा दिवस तेवढे आपले. माझं शेत उघाडीला लागून, सगळ्यांत खालचं, सगळ्यांत खारट. गावाचं पेरून झालं तरी माझं व्हायचं असायचं. ते पाच-सहा दिवस ओळखायचे कसे, तर चांगुणा माती चाखायची.

तिचा बाप मिठागरावर कामाला होता. पाण्याचं मीठ कधी होणार हे ती लहानपणी जिभेवर शिकलेली. लग्न होऊन आली त्याच जूनमध्ये, डोक्यावरचा पदर न सोडता, ती माझ्या बापासमोर शेतात वाकली. ढेकूळ फोडलं, आतली चिमूट जिभेवर ठेवली, थुंकली आणि माझ्या आईला हळूच सांगितलं की अजून न्हाय. माझा बाप हसला आणि पेरून मोकळा झाला. अर्धं शेत जळालं. पुढच्या वर्षीपासून तो तिला विचारून पेरायचा, पण विचारतोय असं दाखवायचा नाही. बांधावर उभा राहून आभाळाकडे बघत म्हणायचा, "काय बोलते जीभ?" आणि ती शेतातून आभाळालाच उत्तर द्यायची. बाप गेला, मग मी विचारू लागलो. चाळीसच्या वर पावसाळे तिने असे काढले. मला त्याचा गर्व होता. जमिनी घेणाऱ्या मुंबईच्या पार्टीचा माणूस दर उन्हाळ्यात येतो, आजूबाजूला भराव पडून बंगले उभे राहतायत. त्याला मी ओटीवर बसवून सांगायचो, जोपर्यंत हिची जीभ चालते तोपर्यंत शेत देणार नाही, ज्या वर्षी जीभ चुकेल त्या वर्षी या आणि घेऊन जा. चांगुणा आत चहा करत असायची. तिला ऐकू जायचं. जावं म्हणूनच मी मोठ्याने बोलायचो.

तीन थंड्यांपूर्वी तिला ताप आला. आठवडाभर अंथरुणावर होती. ताप उतरला, पण घरातलं जेवण बिघडलं. एक दिवस आमटी तोंडात धरवेना इतकी खारट, दुसऱ्या दिवशी अळणी. मी ताट सरकवायचो. ती म्हणायची, हात चुकला. तापात तिला रेखाकडे जायचं होतं आणि मी पाठवलं नव्हतं, म्हणून तो राग ही मिठातून काढते, असं मी धरून चाललो. तसं तिला बोललोही. 

त्याच वर्षी पावसाच्या तोंडावर शेतकी ऑफिसचे एक साहेब गावात आले. वरच्या माळाला, वरकस जमिनीत, मका आणि सोयाबीन लावून बघा म्हणाले. बियाणं फुकट. दाण्यांना गुलाबी रंग चोपडलेला. मी म्हटलं, फुकट देतायत आणि वर रंगवून देतायत, म्हणजे आत नक्की काहीतरी झाकलेलं हाय. साहेब बिचारे समजावत होते की ते कीड लागू नये म्हणून लावलेलं औषध आहे. चांगुणाने पुढे होऊन पिशव्या घेतल्या. आम्ही माळावर दोन्ही टाकलं. सोयाबीनला उगवताना ओल हवी पण साचलेलं पाणी नको, आणि आमच्याकडे जूनमध्ये पाणी सोडून दुसरं असतं काय. सपाटीवरचं सोयाबीन जमिनीतच कुजलं. उतारावरचं तेवढं मान वर काढून आलं. मका चांगला हातभर वाढला, मग त्याच्या पायाशी तळं झालं आणि पानं पिवळी पडली. चांगुणा रोज जाऊन बघायची. म्हणायची, हे झाड लई बोलकं हाय, काय दुखतंय ते पानावर लगेच सांगतं, भात तसं सांगत नाही. उरलेलं बी तिने डब्यात घालून माळ्यावर ठेवलं. मला वाटलं, बाईला फुकटची वस्तू टाकवत नाही.

आणि त्याच जूनमध्ये, गाव पेरत होतं त्याच दिवसांत, ती शेतातून आली आणि म्हणाली, आपलीपण माती झाली गोड, मीठ गेलं. दरवर्षी आमचं शेत मागे असायचं. मला तिथं संशय यायला हवा होता. जिथं यायला हवा तिथं नाही आला. मी खूश झालो आणि मोड आणलेलं भात टाकलं. पुढे पाच दिवस कडक ऊन पडलं. कोवळ्या पात्यांचे शेंडे लाल झाले, मग पांढरे झाले. आठव्या दिवशी शेतात बांधाजवळच्या दोन ओळी सोडून काही उरलं नाही.

उघाडी सांभाळायचं काम पोशाकडे होतं. त्याच्या बापाकडून आलेलं. भरती-ओहोटी बघून फळ्या काढायच्या-घालायच्या, आणि त्याबदल्यात उघाडीच्या तोंडाशी जाळं लावून मासळी धरायचा हक्क त्याचा. आता भरतीला फळ्या थोड्या वर ठेवल्या की खाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी आत येते, हे गावातल्या सगळ्यांना माहीत. माझं शेत उघाडीच्या तोंडाशी. त्या आठवड्यात मी पोशाचं जाळं बांधावर वाळत घातलेलं बघितलं होतं. मला एवढा पुरावा पुरे झाला. बैठक बोलावून मी सगळ्यांसमोर म्हणालो की पोशाने कोळंबीसाठी माझं शेत जाळलं. तो उभा राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, मी फळ्या न्हाय काढल्या." एकदाच म्हणाला आणि बसला. मी लोकांना सांगितलं, बघा, खरा असता तर दहा वेळा बोलला असता. लोकांना ते पटलं. उघाडी त्याच्याकडून काढून दुसऱ्याला दिली. घरी येऊन मी चांगुणाला सांगितलं की काढला त्याला. ती भाकरी थापत होती. हात थांबला तिचा. म्हणाली, "तुमी डोळ्यानं बघितलंत?" मी जाळ्याचं सांगितलं. तिने पुढची भाकरी घेतली.

दुसऱ्या खेपेला उरलंसुरलं भात टाकून ते वर्ष कसंतरी गेलं. घरातलं जेवण मात्र सुधारलं. सुधारलं म्हणजे रोज एकसारखं झालं. आमटी आज जशी, तशीच उद्या. मला त्याचासुद्धा संशय आला. माणसाच्या हाताचं जेवण रोज सारखं लागत नाही, कधी कमी कधी जास्त होतंच. मी तिला म्हणालोही, तू काय मशीन झालीस काय. ती म्हणाली, खारट झालं तरी बोलता, नीट झालं तरी बोलता.

गेल्या वर्षीचा जून मी कसा सांगू... पाऊस लागून आठ दिवस झाले होते. मी गोठ्यामागे गेलो तर तिथं पत्र्याच्या आडोशाला नारळाच्या करवंट्या एका रांगेत मांडलेल्या. प्रत्येकीत काळी माती. मातीतून मक्याचे कोंब वर आलेले, काहींत सोयाबीनची दोन-दोन पानं. आणि प्रत्येक करवंटीवर चुन्याचे ठिपके. एकीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. आमच्या घरावर कोणीतरी करणी केली, आणि ती कोणी केली हे मला सांगायला नको होतं. मी हात न लावता काठीने सगळ्या करवंट्या टोपलीत ढकलल्या, ओहोटीची वेळ धरली आणि खाडीत सोडून आलो. मागे न बघता आलो, अशा वेळी मागे बघायचं नसतं म्हणून. घरी येऊन चांगुणाला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. पदर तोंडावर धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं भीतीने हसते आहे. तिला धीर द्यायला मी म्हणालो, घाबरू नको, पोशाच्या बापालाही घाबरायचं कारण नाही. त्यावर तिने डोळे पुसले आणि ती गोठ्याकडे निघून गेली.

त्यानंतर ती सकाळी लवकर बाहेर पडू लागली. शेतावर जाते म्हणायची. शेतावर जायला बाईला नवऱ्याची चोरी कशाला लागते. तिसऱ्या दिवशी मी मागोमाग गेलो आणि कांदळवनाच्या आड उभा राहिलो. बांधावर पोशा बसला होता. चांगुणा त्याच्यापाशी गेली, पदराची गाठ सोडली आणि त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं. त्याने ते तोंडात घातलं. मी लांब होतो, मला एवढंच दिसलं की माझी बायको, नातवंडं असलेली बाई, माझ्याशी वैर असलेल्या माणसाला पदरातून खायला देते आहे. मी कधीही कोणाला सांगणार नव्हतो ते इथं सांगतो. त्या वयात मी तिच्यावर तसला संशय घेतला. घरी आल्यावर विचारलं, कोणाला काय खायला घातलंस. ती म्हणाली, "तुमी माझ्या मागं मागं फिरता? बरं हाय. फिरा." बाकी काही सांगितलं नाही. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, उद्या पेरा. पेरलं. त्या वर्षी भात असं आलं की पार्टीचा माणूससुद्धा बांधावर उभा राहून फोटो काढून गेला. आणि मी पुढे दहा महिने, ती जाईपर्यंत, तिच्या पदराच्या गाठीकडे बघत राहिलो.

ती गेल्यावर बारा दिवस रेखा होती. तेराव्यानंतर ती गेली आणि मी चुलीपुढे बसलो. आयुष्यात पहिल्यांदा डाळ शिजवली. मिठाची बरणी उघडली तर आत औषधाच्या बाटलीचं झाकण. तापाच्या वेळी आणलेल्या औषधाचं. कडेला सुईने एक रेघ ओढलेली. मी ते मिठाने रेघेपर्यंत भरलं, डाळीत टाकलं, ढवळलं आणि चाखली. तीच चव. रोजची. मी खूप वेळ झाकण हातात धरून बसलो. जी बाई बोटांनी मीठ टाकायची, चाखूनसुद्धा बघायची नाही, तिला माप कशाला लागलं? मग ताप आठवला, खारट-अळणी आमटी आठवली, गाव पेरतंय त्याच दिवशी गोड झालेली माझी जमीन आठवली. डाळ चुलीवर करपली.

मी उठून पोशाच्या घरी गेलो. तो ओटीवर जाळं विणत बसला होता. मी म्हणालो, "तिला मीठ कळत नव्हतं काय?" त्याने सुई खाली ठेवली. म्हणाला, "बसा दादा."

त्याने सांगितलं ते असं. त्याला काढलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी चांगुणा त्याच्याकडे आली होती. तापानंतर जिभेवरचं मीठ गेलं, बाकी सगळं कळतं, तेवढं कळत नाही, असं म्हणाली. अंदाजाने माती गोड झाली बोलले आणि चुकले, दोष तुमच्यावर आला भावजी, आज घरी जाऊन त्यांना सांगते. यानेच तिला थांबवलं. मला ते खरं वाटेना. ज्याच्यावर आळ आला तो कशाला थांबवील? माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. पोशा म्हणाला, "मी काय देव न्हाय, दादा. जीभ चुकली तर शेत विकीन असं तुमी सगळ्या गावाला सांगितलेलं. तुमी विकलं की तिथं भराव पडणार. भराव पडला की माझ्या खाचराचं पाणी जायचं कुठं? उघाडी गेली तर मासळी जाते. शेत बुडलं तर मी खायचं काय?" हे मात्र मला पटलं. तो चांगला आहे म्हणून गप्प बसला असं म्हणाला असता तर मी उठून आलो असतो.

मग करवंट्यांचं कळलं. मक्याचं पान लवकर बोलतं हे तिने माळावर बघून ठेवलं होतं. शेताच्या तीन कोपऱ्यांतली माती आणून, खुणेला चुन्याचे ठिपके लावून, ती रंगवलेलं बी त्यात लावायची. मातीत मीठ असेल तर मक्याच्या पानाचा शेंडा जळतो, सोयाबीन वाकडं होऊन तिथंच राहतं. जीभ गेली म्हणून तिने दुसरी जीभ उगवली होती, आणि ती मी काठीने ढकलून खाडीत टाकली. म्हणून ती पोशाकडे गेली. ढेकूळ कसं फोडायचं, वरची माती टाकून बोटभर आतली कशी घ्यायची, जिभेच्या कुठल्या भागावर ठेवायची, हे तिने त्याला शिकवलं. पदरातून ती माती द्यायची. मी ते कांदळवनाच्या आडून बघितलं. पोशा म्हणाला, "सांगणार होती ती तुमाला. यंदाची पेरणी झाली की सांगते बोलली होती." हे खरं की माझ्यासाठी जोडलेलं, ते मला कळत नाही. त्याच्याकडे बघून कळलं नाही.

वैशाखात बैठक झाली. मी पोशाला म्हणालो होतो की मी सगळं बोलणार. तो नको म्हणाला. वयनी गेली, आता तिचं नाव कशाला. मी म्हणालो, तुझं नाव मी तिथं घालवलं, तिथंच परत देणार. उभा राहिलो आणि सांगितलं की त्या वर्षी फळ्या कोणी काढल्या नव्हत्या, माझ्या बायकोची जीभ गेली होती, पोशाची उघाडी त्याला द्या. मग मागून एक जण म्हणाला, दादाला आणायला पोशा रेवदंड्याला गेलेला, त्याचं फेडतोय. दुसरा म्हणाला, बाई बोलायला येणार न्हाय, टाका तिच्यावर. काही जण हसले. मी ओरडून शपथ घेतली. तेव्हा पुढचा म्हातारा म्हणाला, खरं असतं तर एवढा ओरडला नसता. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना हा हिशेब शिकवला होता, फक्त उलटा. उघाडी दुसऱ्याकडेच राहिली. पोशा खाली बघत बसला होता. त्याच्यावरचा आळ गेला नाही आणि चांगुणाचं नाव मात्र मी बाजारात आणलं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

आता जून संपत आलाय. पाऊस यंदा तुटक पडतोय, दोन दिवस जोर, चार दिवस ऊन. गावाचं पेरून झालं. दरवर्षी मी शेवटी असतो, पण इतका शेवटी कधी नव्हतो. रोज सकाळी मी शेतातून ढेकूळ घेतो आणि भर उजेडात, सगळे बघत असताना, बांधावरून चालत पोशाच्या ओटीवर जातो. तो ढेकूळ फोडतो, वरची माती झटकतो, आतली चिमूट जिभेवर ठेवून डोळे मिटतो. चांगुणाही असेच डोळे मिटायची. मग म्हणतो, न्हाय. एकदा भिजवलेल्या भाताला मोड आले आणि वाया गेले, कोंबड्यांना घातले. मी स्वतः माती चाखून बघितली. मला चिखलाशिवाय काही कळलं नाही.

चहाच्या टपरीवर विचारतात, काय दादा, यंदा शेत पडीक ठेवताय काय. मी सांगतो, पोशाने थांब म्हटलंय. मोठ्याने सांगतो. काल एकाने माझ्या कानाशी येऊन म्हटलं, तो तुमचा सूड घेतोय, पाणी चढलं की बसाल बोंबलत. मी त्याला सांगितलं, चहा पी. पण खोटं कशाला बोलू, ते माझ्याही मनात आलेलं आहे. रोज येतं. शेताकडे बघितलं की येतं. माझ्या मनात दुसरं काय येणार. ते येतं आणि मी ढेकूळ घेऊन त्याच्याकडे जातो.

हे छापून येईपर्यंत पेरणी झालेली असेल किंवा दिवस निघून गेलेले असतील. शेत विकायचं नाही, हे पार्टीच्या माणसाला मी कळवलं आहे. यंदा पीक आलं तर ते पोशाच्या जिभेचं आहे. जळालं किंवा बुडालं तर ते माझं आणि चांगुणाचं. त्यात पोशाचं नाव कोणी घ्यायचं नाही. बैठकीत माझं कोणी ऐकलं नाही, म्हणून इथं लिहून दिलं.